कळ

पलंग आठवड्यापूर्वीच उंच करून ठेवला होता
चार लाकडी ठोकळ्यांवर, सुईणीची कमर दुखू नये म्हणून.
ठोकळे डूकेने कापले,
एक सूतही इकडचं तिकडे नाही.
मी वहीत लिहिलं होतं: घरीच. पाठीत सुई नको.
खाली सही.
जणू कोणी कोर्टात विचारणार होतं.

आता रात्रीचे पावणेतीन.
विट्स्के हातमोजा उलटा काढते, म्हणते, पाच.
संध्याकाळीही पाचच होते.
खिडकीबाहेर फ्रीसलंडचा सपाट काळोख,
मैलोन्‌मैल एक उंचवटा नाही,
सगळे चढ आज माझ्याच पोटात येऊन राहिलेत.

मी पुलावर नोकरी करते.
काचेच्या खोलीत बसून एक कळ दाबते,
फाटकं पडतात.
दुसरी दाबते, रस्ता उभा राहतो
आणि खालून वाळूचं जहाज जातं.
नऊ वर्षं. कुठली कळ कशाची, झोपेतही सांगेन.
फक्त या कळेची कळ
कुठे बसवली आहे ते कळत नाही.

"ठरवायचं तू, हिस्के," विट्स्के म्हणते.
"इथे गरम पाणी आहे, माझे हात आहेत.
ते औषध हवं तर लेउवार्डन."
हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.
नावातच सुई घेऊन फिरणारी बाई,
नेमकी ती सुई तिच्या पिशवीत नाही.

डूके म्हणाला, "पण तू वहीत..."
पुढचं वाक्य मी दातांनी तोडलं.

आई जिन्याच्या तोंडाशी.
आता म्हणेल, आम्ही नाही का कळा काढल्या,
चौघं याच घरात झाली,
आणि संध्याकाळी गाई कोणी पिळल्या?
हे वाक्य आमच्याकडे भिंतीवर आहे, घड्याळाशेजारी,
त्याला किल्लीही द्यावी लागत नाही.

आई म्हणाली,
"तुझ्या वेळी मी मागितलं होतं.
कालवा गोठलेला. रस्त्यावर बर्फ.
तुझे बाबा म्हणाले, आता काय, सकाळ होईलच."
थांबली.
"झाली सकाळ."
आणि माझे बूट आणायला खाली गेली.

तेरा पायऱ्या, शिडीसारख्या उभ्या.
मी उलटी उतरले, कठड्याला कपाळ टेकत.
दोन कळा जिन्यातच गेल्या.
मग गाडी. मग पूल,
माझाच,
आणि तांबडा दिवा.

वर काचेत ओनो, रात्रपाळीचा.
त्याला काय ठाऊक खाली कोण आहे.
मला मात्र ठाऊक होतं: फाटक पडून उठेपर्यंत सहा मिनिटं,
जहाज भरलेलं असेल तर सात.
भरलेलं होतं.
डूकेने हॉर्नवर हात नेला.
नको, मी म्हटलं, एवढं वजन मध्येच थांबत नसतं,
आणि डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरलं.

भूलतज्ज्ञ पोरगेलासा, दाढीत पावाचे कण.
"पाठ मांजरीसारखी कर. आणि हलू नकोस."
मला, जिला रात्रभर
हलण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं.
विट्स्केच्या खांद्यावर हनुवटी ठेवून मी पूल झाले.
थंड काहीतरी मणक्यातून खाली गेलं.

मग हातात एक कळ दिली त्यांनी, हिरवी.
लागेल तशी दाब.
हसू आलं. कोणालाच समजलं नाही का ते.

उजवीकडचं सगळं गेलं, दूर,
पलीकडच्या गावात कोणी दार आपटावं तसं.
डाव्या कमरेत मात्र तळहाताएवढी जागा उरली,
तिथे ती येतच राहिली, वेळेवर.
"नळी जरा सरकवून बघू?" पोरगा म्हणाला.
राहू दे थोडा वेळ, मी म्हटलं.
शूरपणा नव्हता तो. शूर मी जिन्यातच संपले होते.
काहीतरी येतंय
एवढं दिसायला एक दिवा लागतो, बस.

आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती,
माझे बूट मांडीवर,
एकाची नाडी बोटाला गुंडाळलेली.