उतार

माझं आडनाव फोर्ड. म्हणजे उतार.
नदी जिथे गुडघ्याएवढी होते,
बाया झगे खोचून, गुरं शेपट्या उचलून
पलीकडे जातात, तेवढी जागा.
पण उतारावरचे आम्ही कधीच नव्हतो.

जुन्या भाषेत आम्ही मॅक कन्नावा.
कू म्हणजे शिकारी कुत्रा, स्नाव म्हणजे पोहणं.
पोहणाऱ्या कुत्र्याची लेकरं,
लॉख अ‍ॅलन तळ्याच्या काठची, लीट्रिमच्या चिखलातली.
इथली जमीन एकरावर नाही, गॅलनवर विकतात म्हणे.
हा विनोद आम्हीच आधी सांगून टाकतो,
दुसऱ्याने सांगायच्या आत.

मग कुणी कारकून आला.
नाव विचारलं, ऐकलं,
त्याला त्यात पाणी ऐकू आलं, कुत्रा ऐकू आला नाही.
टाक बुडवून त्याने लिहिलं: फोर्ड.
पोहायला खोल पाणी लागतं, उताराला उथळ.
एवढीच चूक.
आणि तीसुद्धा सुवाच्य अक्षरात.

दक्षिणेला कॉर्कमध्ये दुसरे कुणी होते,
त्यांच्या नावात थंडी होती. तेही फोर्ड झाले.
पश्चिमेला खडकाळ किनाऱ्यावर
संतांच्या सेवकाची पोरं. तीही.
तीन गावची गुरं एकाच उतारावर
पाणी प्यायला आली, आणि परत जाताना
कुणाचं कुठलं, कुणाला ओळखता येईना.

दर गुरुवारी मी चर्चच्या मागच्या खोलीत बसते.
बाप्तिस्म्याच्या वह्या, ओल, एक हीटर.
पत्रं येतात. बॅलरॅटहून, सेंट जॉनहून,
ब्वेनोस आयरेसहून एका बाईचं, स्पॅनिशमध्ये,
सोबत मेंढ्यांचा फोटो, आजोबांचा नाही.
बटाटा कुजला त्या सालांत
पानामागून पान पुरणाचं, लग्न एकही नाही.
मग स्लायगोच्या बंदरातून गेलेल्यांची पोरं
पलीकडच्या वह्यांत सापडतात, वय चुकलेलं, नाव शाबूत.
अरिग्नाची कोळशाची खाण मिटली, तेव्हा माझा भाऊ गेला, कॉव्हेंट्रीला.
त्याचं पत्र येत नाही. फोन येतो, पाऊस आहे का विचारतो.

मे महिन्यात कार्लायल फोर्ड आले. बार्बाडोसहून.
निवृत्त शिक्षक, इस्त्रीचा शर्ट, काळे, उंच.
मी वही उघडायला गेले, तर त्यांनी हात आडवा धरला.
म्हणाले, माझे पूर्वज ह्यात नसतील.
त्यांच्याकडे दुसऱ्याच वहीची नक्कल होती,
ऊस, खेचरं आणि माणसं एकाच यादीतली.
त्यात एक कफी. शुक्रवारी जन्मला म्हणून कफी,
आपण म्हणू शुक्र्या.
सतरा वर्षांनी तोच, त्याच मळ्यावर,
कफी फोर्ड.
मध्ये काय झालं, ते वहीत नाही.
मालकाचं नाव कुठल्या फोर्डांतलं, तेही नाही,
थंडीवाल्या, संतांच्या, की आमच्या
की सरळ इंग्लंडातून आलेल्या.

मला काहीतरी बोलायला हवं होतं.
मी चहा टाकला.

मग तळ्यावर गेलो. पोहणाऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगितली,
ते मनापासून हसले.
म्हणाले, मला पोहता येत नाही.
चहूकडे समुद्र, आणि आजी आम्हाला वाळूपुढे जाऊ द्यायची नाही.
मी म्हटलं, मलाही नाही येत.
माझी बिडी, तेरा वर्षांची कुत्री,
डबकंसुद्धा वळसा घालून ओलांडते.

त्यांनी बूट काढले, मोजे नीट घडी करून आत ठेवले.
मीही काढले. पाणी भयंकर गार.
गुडघ्यापर्यंत गेलो आणि दोघंही थांबलो.
काठावर बिडी भुंकत होती,
आम्हाला, की पाण्याला, देव जाणे.

आडनाव परत करायला आलो नाही, ते म्हणाले.
फक्त बघायचं होतं, कुठून उचललं ते.
मी पाय हलवला. तळाशी गाळ,
गाळाखाली एक दगड, जरा बरा.
म्हटलं, इथे उभे राहा, इथे घसरत नाही.