कोरड्या किका

मोडला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.
संक्रांतीच्या आधीची थंडी, पद्मावतीचा उतार,
अंगठ्याखाली काहीतरी सैल झालं
आणि चोकचा खटका हातात आला,
शेंगेचं टरफल निघावं तसा.

मग पुढचा सव्वा महिना
उरलेल्या खुंटीला पक्कड लावून.
पक्कड घरी राहिली तर पोरीच्या केसांची पिन.
पिन वाकली तर नुसत्याच किका:
सात, अकरा, एकदा तर तेवीस,
पावणेसहाच्या अंधारात, जाकिटाच्या आत घाम.

पर्वतीला पाणीपुरवठ्यात मी पहिल्या पाळीचा.
छातीएवढी चाकं फिरवून व्हॉल्व्ह उघडतो,
कितीक घरांची सकाळ माझ्या खांद्यातून जाते,
आणि इथे करंगळीएवढ्या पत्र्यापुढे
रोज हात टेकायचे.

नाना पेठेत मुर्तझाभाई म्हणाले,
“केबी हंड्रेड? सुटा खटका नाही मिळत.
अख्खा कार्ब्युरेटर घ्या.”
मी म्हणालो, दात पडला म्हणून जबडा बदलतात का?
ते हसले नाहीत. स्टुलावर चढले,
वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला
आणि वर्तमानपत्रावर उपडा केला.
स्प्रिंगा, जेट, अर्धी झाकणं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या,
एक चक्क कोटाचं बटण.
“शोधा. सापडला तर वीस रुपये,
नाही सापडला तर चहा.”

सापडला. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा,
भोक केसभर लहान,
टोक कुणाच्यातरी अंगठ्याने
वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेलं.
वीस रुपये दिले. चहाही प्यालो.

रविवारी जिन्याखाली पोतं अंथरलं.
गोल कानशीच्या चार फिरक्या, फुंकर, पुन्हा दोन.
स्क्रू दोनदा हरवला,
दुसऱ्यांदा माझ्याच चपलेत निघाला.
बसवला. वर केला, हवा बंद. खाली, हवा चालू.
वर. खाली. वर.
गार इंजिनाला मोठा श्वास सोसत नाही,
आधी जरा कोंडून धरावा लागतो.
बायको म्हणाली, जेवायला येताय की ताट तिथेच आणू?

सोमवारी पहिल्याच किकेला लागली.
इतकी पटकन, की पाय हवेतच राहिला
आणि मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

दुपारी परतलो तर तळमजल्याच्या इंगुळकर मावशी
पायरीवर लसूण सोलत बसलेल्या.
मान वर न करता म्हणाल्या,
“आज रजा होती?”
“नाही हो.”
“मग किका कुठं गेल्या?
चौथीला मला जाग येते,
सातवीला मी कणीक भिजवते.
घड्याळ लावलं तर नातू उठतो.
आज बारा डबे उशिरा गेले, बारा.”

गाडी दुरुस्त झाली म्हणून माफी मागायची
कशी, ते काही सुचेना.
मी लसणाच्या दोन पाकळ्या सोलून दिल्या.

आता पावणेसहाला खाली येतो.
चावी खिशातच ठेवतो
आणि चार कोरड्या किका मारतो, नीट मोजून.
स्वयंपाकघराच्या काचेत पिवळं दिसेपर्यंत थांबतो.
मग चावी.
मग चोक वर.