सहकर्जदार

घाटपांडे वकीलबाई पेन्सिलीने टिक करत जातात:
स्त्रीधन, पाटल्या दोन, लॉकर कर्वे रोड,
त्याचा पीएफ, माझी एफडी,
शाल्मलीची फी.
"क्लासचं वेगळं लिहा हं,
नंतर त्यावरूनच भांडणं होतात."

अडला तो धायरीचा फ्लॅट.
बँकेतला मुलगा अदबीने म्हणाला,
"मॅडम, कर्जाला घटस्फोट नसतो.
तुमचं नाव काढता येईल,
पण सरांचा एकट्याचा पगार पुरत नाही."
नऊ वर्षं मी हेच सांगत होते.
बँकेने प्रिंटआउट काढून दिला.

शिवाजीनगरच्या कोर्टात
सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली.
झेरॉक्सचे सुटे त्याने दिले.
मी परत करायला गेले, तर म्हणाला, राहू दे.
राहू दे.
हे आमच्या घरात कुणी म्हणत नसे.

दर पाच तारखेला, सकाळी सहा-दहाला
हप्ता वळता होतो.
माझा फोन थरथरतो ओट्यावर,
तिकडे बाणेरला त्याचाही थरथरत असेल.
अजून एकशे एकतीस.

डबा भरताना शाल्मली विचारते,
"एवढ्या सकाळी कुणाचा मेसेज?"
"घराचा," मी म्हणते,
आणि पोळी उलटते.