कार्ड शून्य, डिव्हाइस शून्य

महाप्याच्या कंपनीने भंगारात काढलेला डबा
साडेसातशेला उचलला, त्यात लिनक्स टाकलं
आणि घणसोली गावात, आत्याच्या ओटीवर,
तांदळाच्या पिंपावर मांडला.

आत्या धवलारीण.
गोठिवलीपासून करावेपर्यंत
तिचा गळा लागल्याशिवाय हळद लागत नव्हती कुणाला.
आता डीजे लागतो.
दोन वर्षांत एकच बोलावणं, तेही नुसतं बसायला.
म्हटलं, तू गा, मी भरून घेतो.

पण डबाच मुका.
आवाज निघत होता, जात होता मॉनिटरकडे,
डिव्हाइस तीन,
ज्याला स्पीकरच नाही.
चिठ्ठी बरोबर, घर चुकलेलं.
घर बदललं, तरी गप्प.
मग काळ्या पडद्यावर खांब उभे केले आवाजाचे;
सगळ्यात मोठ्या खांबाच्या पायाशी एम एम,
म्हणजे तोंड बांधलेलं.
एक कळ दाबली, तिथेच उमटली हिरवी दोन शून्यं,
आ वासल्यासारखी.
चर्र झालं. मग टिंग.
"बोलला रं," आत्या म्हणाली.

बोलला, पण ऐकेना.
पाच सेकंद भरून घेतले, रिकामे.
पिन काढली, फुंकली, गुलाबी भोकात पुन्हा खोचली.
पाच सेकंद. रिकामे.
गंमत अशी की फाइल तयार होते,
वजनही भरतं तिचं,
उघडून बघावी तर आत कुणी राहत नाही.
अकरा फाइली झाल्या अशा.
आत्याने तोवर सुकट निवडून संपवली.

बाराव्याला एफ फोर दाबलं
आणि दिसलं, या बाजूला वेगळेच खांब,
'कॅप्चर'खाली नुसत्या रेघा.
म्हणजे बोलायचं दार वेगळं, ऐकायचं वेगळं,
आणि मी सकाळपासून एकच ठोठावत होतो.
स्पेस दाबली. लाल अक्षरं पेटली.

"गा आता."
आत्या गप्प.
"गा ना."
"मांडव नाय, हलद नाय. कोनाचा नाव घेव?"
धवल्यात नावं लागतात, हे मी विसरलो होतो.
पडद्यावर होतं ते वाचून दाखवलं:
कार्ड शून्य.
"नवरीचा?"
डिव्हाइस शून्य.
"एकाच घरातली दोगा? जमनार नाय."
आणि पदर सारखा करून उठली.

तेवढंच आलं त्यात.
पंखा, कुणाच्या तरी रिक्षाचा हॉर्न,
आणि "जमनार नाय" मधला "जम".
बाकी पाच सेकंदांबाहेर राहिलं.

लावून दाखवलं.
दारात थांबली, वाकून ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं.
"यी कोन?"
तूच की.
बराच वेळ त्या दोन हिरव्या शून्यांकडे बघत राहिली.
"घसा बसलाय तिचा," म्हणाली.
"चाय ठेव तिला. आल्याची."