वजनातला दगड

मार्चपासून ट्रक आला नाही.
वेंगुर्ल्याच्या कारखान्यात पाट रिकामे,
कटरची पाती तेल लावून कागदात गुंडाळलेली.
बाबल मुकादम म्हणाला, तिकडे लढाई लागलीय.
तिकडे म्हणजे कुठे?
त्यानं गोणीवरची निळी अक्षरं दाखवली.
असल्या गोणी उसवून आम्ही
वर्षानुवर्षं पायपुसणी केली होती.

दोघं जण म्हणतात, मीच देशाचा धनी.
एकाकडे राजवाडा,
दुसऱ्याकडे काजू पिकणारा मुलूख.
त्या दुसऱ्यानं बंदराला साखळी घातली:
जग मला खरा मानत नाही तोवर
एक बी बाहेर जायची नाही.
मोठमोठ्या वकिलातींना पत्रं गेली म्हणे.
आमच्याकडे नाही आलं.

पावलीन हसली.
तिची बोटं डिंकानं काळी, तीस वर्षांची काळी,
मतदानाला शाई लावायची तर
बाईला जागा शोधावी लागते.
"तांची लढाय," ती म्हणाली,
"आणि माझी चूल कित्याक इझता गो?"

काजूचं असंच. सगळी फळं बी पोटात ठेवतात,
हा बाहेर लोंबकळत ठेवतो,
कुणीही यावं, पिरगळावं.

तुळसला माझ्या मावसभावानं तेव्हा
अकरा गोणी पडवीत रचून ठेवल्या.
दर चढत होता. शेट दोनदा येऊन गेला,
दुसऱ्यांदा चपला बाहेर काढून.
भाऊ खुर्चीवर बसूनच बोलला.
तीन आठवडे त्याच्या आवाजात
बंदराची साखळी वाजत होती.

आम्ही बाया आंब्याच्या कॅनिंगला गेलो, कोळंबी सोलली,
सत्यवतीनं कानातली कुड्यांची जोडी सोसायटीत ठेवली.
आणि चतुर्थीच्या आधी ट्रक आला.
अक्षरं हिरवी. दुसराच देश.
शेटनं कुणाला मुजरा केला नाही,
नकाशावर बोट थोडं सरकवलं एवढंच.
भावाच्या अकरा गोणी पडवीतच राहिल्या,
आत भुंगा लागला.

तिकडचं कोण जिंकलं, बाबलला माहीत नाही.
पुढच्या वर्षी निळ्या अक्षरांची गोण आली,
ओलसर, कुबट वासाची.
पाटावर ओतली तर बियांत एक दगड.
लाल, भोकाभोकांचा जांभा.
काट्यावर ठेवला: चारशे ग्रॅम.
कुणीतरी, अंधारात, साखळी सुटायची वाट बघत,
एवढंच आपल्या बाजूला टाकलं होतं.

बाबल म्हणाला, फेक, शेटला सांगून बिलातून कापून घेऊ.
पावलीननं तो हातात फिरवला, हुंगला.
"ह्यो तर आमच्याच परड्यातलो," ती म्हणाली,
आणि डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली
नीट बसवून
कापायला लागली.