वाव

मिऱ्याच्या डोंगरावर आमची खोली.
किनाऱ्यापासून दीडशे मैलांवर रडार थकतं,
पुढे विमान म्हणजे कागदाची एक पट्टी
आणि खरखरीतला आवाज:
उंची अमुक, पुढचा बिंदू चौदा मिनिटांनी.

ढगात त्यालाही काही दिसत नाही, मलाही.
दोघं काट्यांच्या भरवशावर.

आबा तांडेल होते.
शिशाला मेण फासून दोरी सोडायचे, वाव मोजायचे,
मेणाला चिकटलेली रेती जिभेवर ठेवून सांगायचे,
"जयगड."

मी एका उंचीवरच्या दोन विमानांत
दहा मिनिटं सोडते.
तेवढाच वाव.

चौदा झाली. सोळा.
पेन्सिल पट्टीवर टेकलेली.
खाली कुणी सुकटीवरचे कावळे हाकलतंय.
सतरा.
खरखर.

"बोला," मी म्हणते,
जिभेवर रेती.