पडायचे चाळीस रुपये

बाबांच्या डाव्या कानाशी बोलायचं नाही,
हे आमच्या घरात शुभंकरोतीच्या आधी शिकवत.
मिठात टाकलेल्या माकुलासारखा आक्रसलेला तो कान
करावे गावच्या हौद्यात फुटला होता, सतराव्या वर्षी.
खाडीची माती काळी, चिकट, कुस्तीला नालायक,
म्हणून आजोबांनी पनवेलच्या बाजूची लाल माती आणवली होती,
दोन बैलगाड्या, वर ताक, हळद, लिंबं.

आधी नारळावरची कुस्ती, मग पाच रुपयांची,
मग उरणकडच्या एका जत्रेत चांदीचं कडं.
चार वर्षं जोमा तांडेलच्या पाठीला माती लागली नाही.
मग नौशेर शेठ आला, पांढरी डगली, हातात छत्री,
म्हणाला, "तू फार लवकर जिंकते, डीकरा.
तिकीट काढून आलेल्या माणसाचा बी विचार कर."

तेव्हापासून बाबा काळा विंचू.
साटीनचा बुरखा, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक,
कान मात्र उघडे,
कारण किती मिनिटं उरली
ते पंच उजव्या कानात सांगायचा.

दर शनिवारी, ठाण्यात, ताडपत्रीच्या तंबूत
ते फौलाद गुरमुखच्या डोळ्यांत विषारी भुकटी टाकत
(तांदळाचं पीठ; आईला डबा हलका का होतो कळत नसे),
पंचाची पाठ वळली की ठोसा,
दोरावर चढून अख्ख्या ठाण्याला अंगठा,
आणि अकराव्या मिनिटाला पडत.
पडायचे चाळीस रुपये.
जिंकायचे साठ. पण गुरमुखला चार पोरी होत्या.
"आणि त्याला चेहरा होता," बाबा म्हणत.

पडणं मला त्यांनीच शिकवलं, मिठाच्या गोणींवर.
हनुवटी छातीला. श्वास आधी सोड.
दोन्ही हात पसरून जमिनीच्या थोबाडीत मार,
म्हणजे पडणं हातांतून निघून जातं.
पुढे सीवूड्सच्या वळणावर स्कूटर घसरली,
तेव्हा माझी हनुवटी मला न विचारता छातीला लागली.

घरी सांगितलं होतं: बंदरात हमाली.
एका शनिवारी गावाने ट्रक केला, कुस्त्या बघायला.
आजी पहिल्या रांगेत, नऊवारीचा काष्टा, केसांत अबोली.
सहाव्या मिनिटाला ती उभी राहिली,
"मार त्या मुर्द्याला! वाटोलं होव त्याचं!"
आणि पायातली चप्पल भिरकावली.
गुडघ्याला लागली. तंबू हसून फुटला.
पुढच्या शनिवारी शेठने पन्नास केले.
त्या रात्री खोबरेल चोळताना आजीने विचारलं,
कुठं लागलं रं? ते म्हणाले, गोणी पडली.
तिने जिताड्याचं डोकं त्यांच्या ताटात वाढलं.
एकाच पायात चप्पल होती तिच्या, दोन दिवस.

मग तंबू उठला. मिठागरं सिडकोने घेतली.
बाबा नेरूळला व्हॉल्व्हमन झाले,
पहाटे चारला लोखंडी चावी फिरवत सेक्टर-सेक्टरला पाणी सोडत.
हात पोहोचले घरोघर. तोंड कुणी पाहिलं नाही.
बुरख्यात आईने हिंगाची डबी बांधून ठेवली होती.

आजी गेली त्या आठवड्यात
खाट भिंतीला लागून होती, बाजू बदलायला जागा नव्हती.
तिने त्यांना खाली ओढलं, मानेला धरून,
आणि डाव्या कानात म्हणाली,
"तुजा कान मी न्हान्यात धुतलाय, मना नाय वलखाचा?
मी वरडली नसती तं तुना पैसं कोन देता?"

बाबांनी मान हलवली, ऐकू न आलेला माणूस हलवतो तशी.
मग माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

मी खाटेला वळसा घालून
त्यांच्या उजव्या बाजूला गेले.